आपल्या जवळचा अधिवास कसा जपायचा: रानापासून ओहोटीच्या रेषेपर्यंत

अधिवास जपायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी कुदळीकडे जातो. रोपं आणली, खड्डे खणले, फोटो काढले. किनाऱ्याजवळ राहणारे असतील तर हातमोजे घालून कचरा वेचायला निघाले. दोन्ही कामं योग्य जागी, योग्य वेळी चांगलीच. पण नवख्या माणसाने तिथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे अजून काही जिवंत आहे तिथे पहिलं काम म्हणजे चाललेला अपाय थांबवणं. नवं काही आणून लावायची पाळी फार उशिरा येते, आणि पुष्कळदा येतच नाही. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: एकच तुकडा निवडा, तोही छोटा

अर्ध्या-पाऊण तासात आरामात फिरून होईल एवढीच जागा घ्या. टेकडीचा एखादा उतार, तळ्याचा काठ, ओढ्याचं वळण, खाडीकडचा चिखल, किनाऱ्यावरचा खडकाळ पट्टा, काहीही चालेल. अट एकच: तिथे बाराही महिने सहज जाता आलं पाहिजे. दूरच्या जंगलाचं कौतुक खूप असतं, पण तिथे वर्षातून दोनदा जाऊन हाती काही लागत नाही.

निवडताना देखण्या जागेच्या मोहात पडू नका. घनदाट झाडी आणि प्रवाळाच्या बागा यांना चाहते असतातच. काटेरी झुडपं, उघडं माळरान, दलदल, चिखलाची सपाटी यांच्या बाजूने मात्र कुणी बोलत नाही. कागदोपत्री त्यांची नोंद 'पडीक' अशी असते आणि मग तिथे काहीही करायला जग मोकळं होतं. माळढोकासारखा पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवताळ रान लागतं. तिथे हौसेने झाडं लावली की त्याचं घर मोडतं, शिवाय त्या झाडांवर बसून टेहळणी करायची सोय शिकारी पक्ष्यांना होते. चिखलाची सपाटी रिकामी दिसते, पण ओहोटीला त्याच चिखलातले किडे, शिंपले आणि खेकडे खाऊन हजारो किलोमीटरचा प्रवास करणारे पाणपक्षी पोट भरतात.

जागा ठरली की ती कुणाची आहे हे शोधा. खाजगी, वनखात्याची, पालिकेची, देवस्थानाची? किनाऱ्यावर हा गुंता जरा जास्त असतो. वाळू एका खात्याकडे, पाणी दुसऱ्याकडे आणि मासेमारी तिसऱ्याकडे, असं सर्रास आढळतं. जागा आधीच संरक्षित असेल तर तिथले नियम वाचून घ्या. कित्येक ठिकाणी शिंपला उचलणं किंवा ड्रोन उडवणंसुद्धा गुन्हा असतो. मालकाची परवानगी लेखी घेतलेली बरी.

पायरी २: बघा आणि लिहून ठेवा

सगळे ऋतू एकदा डोळ्यांखालून जाईपर्यंत कुदळीला हात लावू नका. उन्हाळ्यात मेलेला वाटणारा डबका पावसात बेडकांचा असतो. ज्या गवतात आज काहीच नाही, तिथे चार महिन्यांनी टिटवीची नाहीतर लाव्याची पिल्लं असतात.

वही साधी असू द्या. तारीख, वेळ, हवामान, काय दिसलं आणि ते काय करत होतं. नाव येत नसेल तर अडून राहू नका. 'चिमणीएवढा तपकिरी पक्षी, शेपटी सारखी खालीवर, पाण्याच्या कडेने चालतो' ही उत्तम नोंद आहे. नाव मागाहून सापडतं. 'आज काहीच दिसलं नाही' हेही लिहा. लोक ते टाळतात, आणि मग पुढे एखादी जात खरंच नाहीशी झाली की आपण पाहायला गेलोच नव्हतो, ही शंका कायम राहते.

एक जागा ठरवून तिथे खुंटी मारा किंवा दगडावर खूण करा. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढा. फोटो दिसायला कंटाळवाणे असतात, पण एकमेकांशेजारी ठेवले की सरकत आलेलं बांधकाम, रुंदावत गेलेली पायवाट, वाळूचा खचलेला उंचवटा लगेच कळतो. मोजणी करायची असेल तर अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट करून ठरलेल्या ठिकाणी ठेवा आणि तिच्या आत काय किती आहे ते मोजा. खडकावर, गवतात, वाळूत, सगळीकडे हीच पद्धत चालते.

नोंदी एकट्याकडे ठेवून उपयोग नाही. पक्ष्यांसाठी ईबर्ड हे २००२ साली सुरू झालेलं व्यासपीठ आहे, बाकी सगळ्या सजीवांसाठी २००८ पासूनचं आयनॅचरलिस्ट. संशोधक दोन्हीकडच्या नोंदी वापरतात. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप झाकतं, पण समाजमाध्यमं झाकत नाहीत. घरट्याचा, बिळाचा किंवा दुर्मीळ आमरीचा (ऑर्किडचा) फोटो तिथे टाकायचाच असेल, तर आधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका आणि ओळखू येईल अशी पार्श्वभूमीही टाळा. एका फोटोमुळे घरट्याभोवती कॅमेऱ्यांची रांग लागते, त्रासलेले पालक उडून जातात आणि अंडी गार पडतात.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी थोडं जास्त

भरती-ओहोटीचं गणित आधी समजून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि रोज त्यांची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, तेव्हाच खडकांचा खालचा पट्टा उघडा पडतो. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी परतायला लागलं की तुम्हीही परता. पकड असलेले बूट घाला, लाटेकडे पाठ करू नका, आणि कुठे चाललोय हे घरी सांगून निघा.

खडकांमधल्या डबक्यात दगड उलटून बघायचा मोह सगळ्यांना होतो. बघा, पण रीत पाळा. नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी हळूच, कडेवर तोलत उचला. वरच्या बाजूला शेवाळ आणि शंख असतात, त्यांना ऊन आणि लाटांचा मार चालतो. खालची बाजू हे वेगळंच गाव असतं. नारिंगी-पिवळ्या स्पंजांची पातळ साय, नळीत राहणारे किडे, नखाएवढे चपटे खेकडे, कधी माशाने एका थरात चिकटवलेली अंडी. या सगळ्यांना अंधार आणि ओल लागते. दगड उलटाच ठेवून पुढे गेलात, तर वरची शेवाळं उजेडावाचून कुजतात आणि खालचे जीव उन्हात वाळतात. एका हलगर्जीत दोन्ही गावं उठतात. म्हणून मिनिटभर पाहायचं आणि दगड होता तसा, त्याच खळग्यात, त्याच बाजूने परत ठेवायचा. खाली खेकडा असेल तर त्याला आधी बाजूला जाऊ द्या.

पायरी ३: अपाय कुठून येतो ते शोधा

हेच खरं काम. वहीत एक वेगळं पान करा: काय बिघडतंय, कोणामुळे, कधी, आणि आपल्याला त्यातलं किती हलवता येईल. काही गोष्टी तुमच्या हाताबाहेरच्या असतील, त्या तूर्त बाजूला ठेवा. पण थोडंसं पाहिलं की हातातल्या गोष्टीही बऱ्याच निघतात.

उजेडाचंच उदाहरण घ्या. समुद्री कासवाची पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे निघतात. काळोख्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र. पण मागे हॉटेलचा झगझगीत दिवा असेल तर पिल्लं जमिनीकडे चालत सुटतात आणि सकाळपर्यंत कुत्र्या-कावळ्यांच्या नाहीतर उन्हाच्या तावडीत सापडतात. रानातही तेच: दिव्याभोवती घिरट्या घालून रात्रीचे पतंग दमून मरतात, आणि काही वटवाघळं उजेडाची वाटच सोडून देतात. उपाय मात्र स्वस्त आहे. दिवा खाली आणा, त्यावर खालीच उजेड पाडणारी टोपी बसवा, पांढऱ्या-निळ्याऐवजी अंबर रंगाचा दिवा लावा, आणि गरज नसेल तेव्हा बंद करा. कोणाला उपदेश करायला जाण्याआधी आपल्या गच्चीवरचा दिवा बघा.

मोकळे सोडलेले कुत्रे आणि मांजरं हा दुसरा मुद्दा, आणि यावर मित्र तुटतात. पण जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यासाठी लाडका कुत्रा आणि कोल्हा यांत काही फरक नाही. विणीच्या हंगामात पट्टा बांधा, मांजर रात्री घरात ठेवा.

तिसरा शत्रू म्हणजे स्वच्छतेची हौस. पालापाचोळा जाळणं, वाळलेलं झाड 'धोकादायक' म्हणून तोडणं, पडलेलं खोड उचलून नेणं. वठलेल्या झाडात सुतारपक्षी ढोली करतो, त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे घुबड, पोपट, खारी राहतात. कुजणाऱ्या लाकडात भुंगेरे आणि बुरशी वाढतात. खरंच रस्त्यावर कोसळणारं झाड असेल तर प्रश्न नाही. बाकीची असू द्या. किनाऱ्यावर हाच प्रकार वाहून आलेल्या शेवाळाबाबत होतो. भरतीच्या रेषेवर साचलेला तो काळपट ढीग म्हणजे वाळूतल्या किड्यांचं आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचं ताट. यंत्राने वाळू चाळणाऱ्या सफाईत प्लास्टिकबरोबर तेही जातं. कचरा हाताने वेचा, शेवाळ जागच्या जागी झटका, आणि काय-काय सापडलं ते प्रकारानुसार लिहा. नुसती पोती मोजण्यापेक्षा 'सगळ्यात जास्त काय आणि कुठलं' हे कळलं तर तो कचरा येतो त्या तोंडाशी जाता येतं.

पाण्याखालचा अपाय दिसत नाही म्हणून त्याची चर्चा कमी होते. होडीचा नांगर समुद्री गवतात पडला की साखळी गोल-गोल फिरत सगळं खरवडते. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं, त्यामुळे एका सुट्टीत पडलेलं टक्कल भरून यायला पिढ्या जातात. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ साली या गवतावर नांगर टाकायला बंदी घातली. होडीने जात असाल तर कायम बांधलेल्या बोयाला (तरंगत्या खुणेला) दोर लावा, तो नसेल तर तळ पाहून उघड्या वाळूवरच नांगर टाका. अंगाला लावायच्या सनस्क्रीनवरही बराच वाद आहे. प्रशांत महासागरातल्या पालाऊ या देशाने २०२० पासून त्यातल्या काही रसायनांवर बंदी आणली. लांब बाह्यांचा शर्ट घालून पोहणं हा त्यातला बिनवादाचा मार्ग.

आणि शेवटी ओढा. जमीन आणि समुद्र यांची आपण उगाच दोन खाती केली आहेत. वर टेकडीवर रस्त्यासाठी कापलेली माती पहिल्या पावसात ओढ्यात येते आणि खाडीत उतरून समुद्री गवतावर, प्रवाळावर बसते. गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही आणि दोन्ही गुदमरतात. म्हणून तुमचा तुकडा किनाऱ्याचा असेल तर जोरदार पावसानंतर ओढ्याच्या काठाने उलट वर चालत जा. पाणी कुठे गढूळ होतं, कोणती गटारं मिळतात, कुठे फेस दिसतो, हे नकाशावर टिपा. बऱ्याचदा किनाऱ्यावरच्या दुखण्याचं मूळ दोन किलोमीटर आत असतं.

पायरी ४: तिथे आधीपासून असलेल्या माणसांशी बोला

ज्याला तुम्ही अधिवास म्हणता, ते कुणाचं तरी चराऊ रान, सरपणाची वाट किंवा जाळं टाकायची जागा असते. पाटी घेऊन 'इथे येऊ नका' सांगायला गेलात तर काम पहिल्याच दिवशी संपलं. आधी ऐकून घ्या. म्हातारा मासेमार कोणता मासा कधीपासून मिळेनासा झाला ते सालासकट सांगतो. ती माहिती कोणत्याच तक्त्यात नसते.

टिकलेली उदाहरणं पाहा, त्यांत हे हटकून दिसतं. फिलिपिन्समधल्या आपो बेटावर एंजेल अल्काला या सागरी जीवशास्त्रज्ञाने मासेमारांना विश्वासात घेतलं आणि १९८२ साली किनाऱ्याचा लहानसा पट्टा मासेमारीला बंद झाला. राखण गावाचीच. मेक्सिकोत काबो पुल्मोला १९९५ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेही स्थानिक कुटुंबांच्या मागणीवरून, आणि मासेमारी पूर्ण थांबवायचा निर्णय त्यांनी स्वतः पाळला. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचं मोजलं गेलं. कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांचं काम हाती घेतलं, तेव्हा अंडी राखणारे हात गावातलेच होते, आणि पुढे पिल्लं पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावात चार पैसेही आले. पोटाचा विचार न करता आखलेलं संरक्षण कागदावरच राहतं.

याच टप्प्यावर वहीचं चीज होतं. एखादा प्रकल्प येतो, हरकतींसाठी मुदत जाहीर होते. 'निसर्ग वाचवा' असं पत्र फायलीत पडून राहतं. 'अमुक महिन्यांत, या ठिकाणी, या जातीची इतकी घरटी, हे फोटो' असं पत्र आलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

पायरी ५: तण काढायचं असेल तर

परकी झुडपं दिसली की उपटायला धावू नका. घाणेरीच्या (लँटानाच्या) जाळीत या घडीला पक्ष्यांची घरटी असू शकतात. विणीचा हंगाम टाळा, थोडा-थोडा भाग घ्या. नुसतं वरून छाटलं तर घाणेरी बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. भोवतालची माती बाजूला करून बुंध्याचा जो भाग मुळाला जोडतो, त्याच्याखाली, जमिनीच्या तीन-चार बोटं आत मूळ तोडावं लागतं. मग झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. रिकामी झालेली जागा उघडी सोडलीत तर पहिल्या पावसात तिथे पुन्हा घाणेरीच उगवते. तिथल्याच गवताचं बी आधी गोळा करून ठेवा. निदान दोन-तीन वर्षं नवी रोपं उपटत राहायची तयारी असेल तरच हे काम अंगावर घ्या.

पायरी ६: लावणी, अगदीच गरज असेल तर

कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या रानाच्या, लावणीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. फिलिपिन्समध्ये मोठमोठ्या मोहिमांतली असंख्य रोपं मेली, कारण ती खालच्या चिखलावर, जिथे तिवरं कधी नव्हतीच, तिथे लावली होती. लावायला सोपी आणि भांडायला कुणी नाही म्हणून ती जागा निवडली गेली. फ्लोरिडातले कांदळवनांचे अभ्यासक रॉबिन लुईस यांनी उलटा रस्ता दाखवला: भरतीचं पाणी आत-बाहेर जायची वाट मोकळी करा, जमिनीची उंची नीट करा, बी लाटांबरोबर आपणहून येतं. बांध फोडून पाणी सुरू करणं हे रोप लावण्यापेक्षा कमी फोटोजेनिक आहे, पण टिकतं.

मग लावायचं केव्हा? जिथे परिस्थिती सुधारली आहे, पण बी येऊ शकेल असं जवळपास काही उरलेलं नाही, तिथे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांतलं समुद्री गवत १९३० च्या दशकात रोगाने आणि वादळाने नाहीसं झालं आणि कित्येक दशकं परतलं नाही. पाणी चांगलं होतं, बीच नव्हतं. संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी वीसेक वर्षांत सात कोटींहून जास्त बिया पेरल्या आणि आज तिथे साडेतीन हजार हेक्टरांहून जास्त गवत आहे. आपल्या तुकड्यावर हा प्रश्न विचारा: झाड का नाही? गुरं खातात म्हणून, वणवा लागतो म्हणून, की बीच नाही म्हणून? पहिल्या दोन कारणांना रोपवाटिका हे उत्तर नव्हे.

मध्येच एखादा प्राणी सापडला तर

याला पायरी नाही, ते कधीही घडतं. वनखात्याचा आणि जवळच्या बचाव पथकाचा क्रमांक फोनमध्ये आधीच घालून ठेवा. नुकतंच पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि पालक जवळच असतात. कुत्रा-मांजर लांब करा आणि तुम्हीही लांब व्हा.

किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन किंवा व्हेल शेपटीला दोर बांधून ओढू नका, सांधे निखळतात. घाईने पाण्यातही ढकलू नका. अंगावर ओली फडकी टाका, मात्र डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं राहू द्या, त्यात पाणी-वाळू जाऊ देऊ नका. सावली करा, गर्दी आणि गोंगाट हटवा, श्वास किती वेळाने घेतो ते घड्याळ लावून लिहा. पथक आलं की पहिल्यांदा हेच विचारतं. जाळ्यात गुरफटलेलं कासव सापडलं तर मानेभोवतीचा दोर सैल करा, पण मांसात रुतलेला दोर किंवा गिळलेला गळ ओढून काढू नका, ते डॉक्टरचं काम. मरगळलेलं कासव लगेच समुद्रात सोडलं तर बुडतं, म्हणून सावलीत, ओल्या फडक्याखाली, पोटावर ठेवा आणि फोन लावा.